आबांनी सांगितलेली जागा

पुणे, शनिवार रात्र

प्रिय बंड्या,

आठ महिन्यांत पत्र नाही, फोन नाही. चिडला असशील तर चीड, पण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. आईचा गुडघा तसाच, आबांची साखर ताब्यात, मी बरा.

आबांच्या शिरोलीतल्या फौंड्रीनं ओतलेला लॉट आमच्या कंपनीनं रिजेक्ट केला. रिपोर्टवर डिझाइनतर्फे सही माझी.

नव्या पंपाचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, मीच काढलेलं. वजन वाचवायला भिंत 6 मिलिमीटरवर आणली आणि बोल्टासाठी तिला 22 मिलिमीटरचा भरीव बॉस, म्हणजे जाड उंचवटा, दिला. ओतकामाआधीच आबांचा फोन आला, "बाळा, हितं लोखंड सगळ्यात शेवटी थिजणार. भोवतीचं आधी थिजलं की ह्याला रस पोचत न्हाई, आत पोकळी ऱ्हाती. बॉस पोकळ कर, मी कोअर घालतो." कोअर, म्हणजे आत पोकळ जागा राखणारा वाळूचा गाभा, घातला की नगामागं खर्च वाढणार, परचेसनं दर ठरवून टाकलेला, ड्रॉइंगही रिलीज झालेलं. मी म्हटलं, "आहे तसंच करा." ते "बरं" म्हणाले. मग चिल, म्हणजे ती जागा लवकर थिजवणारा धातूचा तुकडा, लावून आणि रायझर, म्हणजे थिजताना रस पुरवणारा जादा साठा, मोठा करून त्यांनी जमेल तेवढं निभावलं.

240 नगांतले 37 पाण्याच्या दाबाला गळले. मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, वाळू ओली असणार, लहान फौंड्र्यांचं हे असंच. आबांची वाळू, बंड्या! मुठीत दाबून, मोडून बघितल्याशिवाय ज्यांनी कधी साचा भरू दिला नाही, त्यांची! आणि मी गप्प बसलो. बोललो तर बापाची बाजू घेतो म्हणतील, अशी मनाची समजूत घातली. खरं कारण एवढंच, की ड्रॉइंगवर नाव माझं होतं. नुकसान आबांच्या नावावर टाकणारी डेबिट नोट शिरोलीला गेली.

तुला ती सागवानी कपाटातली पट्टी आठवते? तू भूमितीच्या पेपराला न विचारता नेलीस, आणि दहा सेंटीमीटरची तुझी प्रत्येक रेघ एक मिलिमीटर जास्त भरली. पॅटर्नवाल्यांची, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणाऱ्यांची, पट्टी ती, बिडाचं आकुंचन धरून शेकडा एक मोठी आखलेली. मी मुद्दाम दिली म्हणून तू महिनाभर बोलला नव्हतास. आज पुन्हा सांगतो, मी दिली नव्हती, तू उचललीस! पण आबा तुझ्यावर रागावले नाहीत. दोघांना उद्यमनगरातल्या शॉपमध्ये बसवून म्हणाले, लोखंड थंड होताना अंग चोरतं, म्हणून साचा त्याच्यापेक्षा मोठा लागतो. डिझाइनमधलं मला जे येतं त्याची सुरुवात तिथली. कॉलेजात तोच धडा आला तेव्हा वर्गात मला एकट्यालाच तो आधी ठाऊक होता.

2019 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, माल अडकला, तरी त्यांनी एका गिऱ्हाइकाला उशिराचं कारण म्हणून पूर सांगितला नाही. "माझ्याकडनं उशीर झाला" एवढंच म्हणाले. तू होतास तिथं.

तुझ्या बदलीचं काय ठरलं? पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार सांग. त्यांच्या लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे.

गळका एक नग मी कापून घेतला. पोकळी बॉसच्या मागं, आबांनी सांगितलेल्या जागी, वाटाण्याएवढी. काल फोनवर ते म्हणाले, "तू नोकरी सांभाळ. नग काय, परत भट्टीत घालतो." आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

उद्या पहाटेच्या एसटीनं निघतोय, कापलेला नग पिशवीत घेऊन. आधी त्यांच्यापुढं ठेवणार. सोमवारी रिपोर्टमध्ये कारण बदलून लिहून देणार, चूक ड्रॉइंगची, आणि डेबिट नोट मागं घ्या म्हणून अर्ज. नोकरीचं काय होईल ते होवो.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर सोमवार उलटून गेलेला असेल. फोन कर, आणि पहिल्यांदा हेच विचार.

तुझाच,
पट्टीवाला