विंडोज 11 घ्यायचं की नाही? आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

कॉम्प्युटर सुरू केल्यावर अख्खी स्क्रीन व्यापून जी सूचना येते, तिला घाबरून लगेच काही दाबू नका. ‘विंडोज 10 चा सपोर्ट संपला’ म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार असं नाही. 14 ऑक्टोबर 2025 नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची फुकट सुरक्षा-अपडेट्स थांबवली, एवढाच त्याचा अर्थ. फाइली उघडतील, प्रिंटर चालेल, मेल येतील. मात्र जादा अपडेट्सची सोय (तिच्याबद्दल शेवटी) घेतली नाही तर विंडोजमध्ये यापुढे जी नवी भगदाडं सापडतील ती बुजवली जाणार नाहीत, आणि वापर चालू ठेवाल तसा धोका महिन्यागणिक वाढत जाईल. बाबा, ‘अँटीव्हायरस आहे ना’ असं तुम्ही म्हणाल. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटीव्हायरसला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहणार आहे हे खरं, पण त्याने विंडोजमधलं भगदाड बुजत नाही. कडी मोडलेल्या दाराशी राखणदार बसवण्यासारखं आहे ते.

माझं मत आधीच सांगते: कॉम्प्युटर विंडोज 11 च्या अटींत बसत असेल तर अपग्रेड करा. बसत नसेल तर आडमार्गाने घुसवू नका. आणि दोन्ही बाबतीत आधी बॅकअप.

बसतो की नाही हे पाहायला मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं फुकट अ‍ॅप आहे. ते उघडून ‘चेक नाऊ’ दाबलं की हो-नाही कळतं, आणि ‘नाही’ असेल तर कशामुळे तेही दिसतं. त्या ‘कशामुळे’चा फोटो मला पाठवा, कारण सगळ्या ‘नाही’ सारख्या नसतात. प्रोसेसरमुळे आलेला नकार कायमचा. टीपीएम (ते काय, खाली सांगते) किंवा सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) यांमुळे आलेला नकार बऱ्याचदा नुसती सेटिंग बदलून जातो.

प्रोसेसरचं नाव सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ इथे दिसेल. इंटेलचा आय3, आय5 किंवा आय7 असेल तर पुढच्या रेघेनंतरचा आकडा बघा. आय5-8250यू म्हणजे आठवी पिढी, चालतो. आय5-7200यू म्हणजे सातवी, नाही चालत. आय5-10210यू म्हणजे दहावी. पहिला अंक 1 दिसतो म्हणून पहिली पिढी समजू नका. एएमडी रायझनच्या आकड्यांवरून मात्र अंदाज बांधू नका, तिथे एकाच मालिकेतले काही चालतात, काही नाही. अ‍ॅप सांगेल ते खरं. त्याच पानावर ‘सिस्टिम टाइप’ असतो. तिथे ‘32-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स64 प्रोसेसर’ असं असेल तर लगेच कळवा. विंडोज 11 फक्त 64-बिट आहे, त्यामुळे असलेल्या फाइली-प्रोग्रॅम जागेवर ठेवून अपग्रेड होणार नाही, सगळं नव्याने टाकावं लागेल.

आता टीपीएम. पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करण्याच्या, किल्ल्या जपणारी ती एक सोय असते, आणि आवृत्ती 2.0 लागते. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत टीपीएम, मग टिंब, मग एमएससी असं लिहून एंटर करा. उघडलेल्या खिडकीत उजवीकडे खाली ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’ 2.0 असेल तर काम झालं. ‘टीपीएम सापडत नाही’ असं आलं तरी निराश होऊ नका. सुटे भाग जोडून बनवून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा ते असतं, पण बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते ‘एनेबल’ करायचं, एवढंच. शेजारी ‘क्लिअर टीपीएम’ असा पर्याय दिसतो, त्याला हात लावायचा नाही. त्याने आतल्या किल्ल्या पुसल्या जातात.

बायोसला हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ चालू आहे का ते बघा. चालू असेल तर 48 आकड्यांची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करत असाल तर ती बहुधा त्या खात्यात सापडते. बायोसमध्ये बदल झाला की पुढच्या वेळी मशीन ही की मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काहीही उघडता येत नाही. मग बॅकअप हाच एक आधार उरतो.

तिसरी गोष्ट यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करण्याची बायोसची नवी पद्धत, आणि लोक अडकतात ते इथेच. विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या त्याच चौकटीत इंग्रजी अक्षरांत एमएसआयएनएफओ32 लिहून एंटर केलंत की लांबलचक यादी येते. तिच्यात ‘बायोस मोड’ ही ओळ शोधा. ‘यूईएफआय’ असेल तर उत्तम. खालच्या ‘सिक्युअर बूट स्टेट’पुढे ‘ऑफ’ असलं तरी चालेल, ती सोय असणं पुरेसं आहे. ‘लेगसी’ असेल तर मात्र बायोसमध्ये जाऊन थेट यूईएफआय करू नका. जुन्या पद्धतीत डिस्कची मांडणी एमबीआर नावाची असते आणि यूईएफआयमधून विंडोज सुरू व्हायला जीपीटी लागते. मांडणी न बदलता मोड बदलला की काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं. त्यात डेटा जात नाही, मोड परत लेगसी केला की सगळं पूर्ववत होतं; पण ते वाक्य वाचून ज्याच्या त्याच्या पोटात गोळा येतो. मांडणी बदलायला विंडोजमध्येच एमबीआर2जीपीटी नावाची सोय आहे. ती आधी नुसती तपासणीही करून देते. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर ती नकार देते, तीनपर्यंत चालतात. लेगसी निघालं तर हे काम माझ्यावर सोडा, फोनवर सांगून करण्यातलं ते नाही.

कागदावरच्या अटींपलीकडे एक व्यवहारी अट मी घालते. विंडोज 11 ला 4 जीबी रॅम आणि 64 जीबी डिस्क पुरते असं लिहिलेलं असतं. पुरते म्हणजे सुरू होतं, इतकंच. 8 जीबी रॅम नसेल तर ब्राउझरमध्ये चार टॅब उघडल्यावर मशीन रडायला लागतं. आणि फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल तर अपग्रेडच्या आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या. आहे त्या विंडोज 10 वरही त्याच एका बदलाने जो फरक पडतो तो नव्या विंडोजने पडणार नाही. कोणती डिस्क आहे हे टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये डाव्या बाजूला ‘डिस्क 0’खाली लिहिलेलं दिसतं.

आई, बॅकअपचं काम तुझ्याकडे, कारण कोणता फोटो कुठे ठेवलाय ते तुलाच माहीत. बाहेरची हार्ड डिस्क लावून ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डेस्कटॉप’ आणि ‘डाउनलोड्स’ हे चारही फोल्डर अख्खेच्या अख्खे तिच्यावर कॉपी कर. डेस्कटॉपवरच्या ज्या आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो तो नुसता शॉर्टकट असतो. तो कॉपी करून फाइल आली असं वाटतं, प्रत्यक्षात एक-दोन केबीचा पत्ता तेवढा येतो. सी ड्राइव्हशिवाय डी ड्राइव्ह असेल तर तोही बघ. तुझी जुनी मराठी पत्रं शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. ते फॉन्ट सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये असतात, त्यांचीही कॉपी घे. अपग्रेडमध्ये ते सहसा टिकतात, पण पुढे कधी विंडोज नव्याने टाकावी लागली तर फॉन्टशिवाय त्या पत्रांत नुसती निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतील. कॉपी झाल्यावर पाच-सहा फाइली त्या बाहेरच्या डिस्कवरूनच उघडून बघ आणि मग डिस्क काढून कपाटात ठेव. लावून ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

अपग्रेडला पैसे पडत नाहीत. विंडोज 10 अधिकृत आणि अ‍ॅक्टिव्हेट केलेली असेल तर होमवरून होम, प्रोवरून प्रो असं फुकट होतं. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा, तिथे विंडोज 11 ची तयारी दिसत असेल तर ‘डाउनलोड अँड इन्स्टॉल’. अ‍ॅप हो म्हणतंय आणि इथे काहीच दिसत नाही, असंही होतं. एखाद्या ड्रायव्हरचा (यंत्राचा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) त्रास माहीत असेल तर मायक्रोसॉफ्ट तशा मशीनना मुद्दाम थांबवून ठेवते. थोडे दिवस वाट बघा. सी ड्राइव्हवर निदान 30 जीबी जागा मोकळी ठेवा, लॅपटॉप चार्जरला आणि डेस्कटॉप यूपीएसला लावा, प्रिंटर-स्कॅनरच्या वायरी काढा. मशीन मध्ये दोन-तीनदा आपोआप रिस्टार्ट होईल आणि टक्का एकाच आकड्यावर बराच वेळ खिळून राहील. एसएसडीवर साधारण तासाभराचं काम, जुन्या डिस्कवर अर्धा दिवसही जातो. मध्येच पॉवर बटण दाबून धरू नका.

झाल्यावर 10 दिवसांत पटलं नाही तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ इथे ‘गो बॅक’ने विंडोज 10 वर परतता येतं. त्यासाठी जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये ठेवलेली असते. जागा मोकळी करायच्या नादात तो फोल्डर उडवलात तर परतीची वाट बंद. म्हणून या 10 दिवसांत प्रिंटर, स्कॅनर आणि बाबांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मुद्दाम वापरून बघा. स्टार्टचं बटण मधोमध गेलेलं खटकेल. टास्कबारवर राइट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’मध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. वनड्राइव्हवर फोल्डरचा बॅकअप चालू करायचा आग्रह होईल. तिथे फुकट जागा 5 जीबीच आहे, तुमच्या फोटोंना ती पुरणार नाही. सध्या नको म्हणा.

कॉम्प्युटर अटींत बसलाच नाही तर विंडोज 10 ला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा सुरक्षा-अपडेट्स मिळतात. आवृत्ती 22एच2 हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसेल, आणि सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडला तर त्याला पैसेही लागत नाहीत. तोवर नवीन मशीनचं ठरवू. अट चुकवून विंडोज 11 बसवून देणारे भेटतात, ती बसतेही. पण दरवर्षीची मोठी अपडेट्स अशा मशीनवर आपोआप येत नाहीत, आणि विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून तर कोअर 2 ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. कॉम्प्युटर फक्त ब्राउझर आणि मेलपुरता असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम मी आनंदाने टाकून देईन. मात्र बाबांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालेल याची हमी नाही.

आणि फोनवर कोणी ‘तुमची विंडोज संपली, आम्ही अपग्रेड करून देतो’ म्हणून एनीडेस्क (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून असे फोन करत नाही.

तुमची,
लेक

ता. क. पहिले दोन फोटो ‘अबाउट’च्या पानाचे आणि ‘बायोस मोड’च्या ओळीचे पाठवा. बाकीचं त्यावरून ठरेल.