‘तुमचे स्थळ कोणी पाहिले’ ही यादी सुरू करण्यापूर्वी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ज्ञातिसंस्था, वधू-वर सूचक मंडळे, शाळांचे माजी विद्यार्थी संघ आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळे यांची संकेतस्थळे आता स्थिरावली आहेत. सभासद वाढले की त्यांच्याकडून एक मागणी हमखास येते : ‘आमचे पान कोणकोणी पाहिले, ते आम्हाला दिसू द्या.’ संकेतस्थळ बांधणाऱ्याला हे काम किरकोळ वाटते, कार्यकारिणीला त्यात वावगे काही दिसत नाही आणि सोय सुरू होते. पुढची भांडणे मात्र मंडळाच्या कार्यालयातल्या फोनवर येतात. म्हणून हे सविस्तर पत्र. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपली भेट दिसावी असे ज्यांनी आधी स्वतः कळवले, त्यांचीच नावे या यादीत यावीत. आणि ज्याने स्वतःची भेट झाकली, त्याला इतरांचीही दिसू नये.

ही कल्पना नवी नाही. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी पोचलेल्या ऑर्कुट या ओळखीपाळखीच्या संकेतस्थळाने २००६ मध्ये पान पाहून गेलेल्यांची नावे दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तिथेही नियम दुतर्फा होता : स्वतःची भेट लपवायची असेल तर आपल्याकडे कोण आले, हेही दिसणार नाही. लिंक्डइनवर आज तीन पर्याय आहेत : पूर्ण नाव, नुसता हुद्दा आणि क्षेत्र, किंवा पूर्णपणे गुप्त. पैसे न भरणाऱ्या सभासदाने गुप्त पर्याय घेतला की, त्याला स्वतःकडे आलेल्यांची यादीही मिळत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तर आपले पान कोणी पाहिले हे सभासदाला सांगतच नाहीत. इन्स्टाग्रामवर दिसतात ते फक्त स्टोरी पाहणारे. म्हणून ‘तुमचे फेसबुक कोण चोरून पाहते ते दाखवतो’ म्हणणारे प्रत्येक अॅप खोटे समजावे. असली अॅप पासवर्ड मागतात, संपर्कयादी घेतात आणि खाते हातचे जाते. कोणी फसलेच, तर आधी पासवर्ड बदलावा, इतर उपकरणांवर उघडे असलेले खाते बंद (लॉग-आउट) करावे आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

आता आपल्या वधू-वर संकेतस्थळांकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतात. पूर्वी छापील सूची घरी यायची. मुलीची आई एका पानाला खूण करायची, वडील दुसऱ्या पानाला. कोणते पान कितीदा उघडले हे घराबाहेर कळायचे कारणच नव्हते. आज एका खात्यावरून घरातले चार-पाच जण स्थळे पाहतात. वडील नोकरी पाहतात, आई उंची पाहते, मावशी मूळ गाव पाहते, मग पत्रिका जुळवायला जन्मवेळ हवी म्हणून तेच पान पुन्हा उघडले जाते. मुलीने स्वतः ते पान अजून पाहिलेलेही नसते. समोरच्या पडद्यावर मात्र तिचे छायाचित्र, तिचे नाव आणि खाली ओळ येते : ‘६ वेळा पाहिले, शेवटची भेट रात्री ११.४२’. मुलाकडचे समजतात, मुलगी फारच उत्सुक आहे. दोन दिवसांत फोन येतो, आणि पुढे नकार गेला की ‘मग रात्री-अपरात्री सहा वेळा कशाला पाहिले?’ असा प्रश्न मंडळाच्या कार्यकर्त्याला ऐकावा लागतो. उलटेही होते. ‘पाहिले, पण काही कळवले नाही’ याचा अर्थ सरळ नकार असा घेतला जातो. एकाच ज्ञातीत, तालुक्याच्या गावात, रोज समोर येणाऱ्या दोन घरांत यातून अबोला धरला जातो.

खाते ज्याच्या नावावर आहे आणि पान ज्याने पाहिले, ती माणसे वेगळी असू शकतात. संगणकाला हे कळायचा मार्ग नाही. म्हणून वधू-वर संकेतस्थळावर ‘किती वेळा’ हा आकडा आणि घड्याळातली वेळ कधीही दाखवू नये. ‘या आठवड्यात’ एवढे पुरते.

नोंद प्रत्यक्षात कशी पडते, हेही चिटणीसांनी समजून घ्यावे. आत एक साधा तक्ता असतो, त्याचे तीन रकाने : कोणी पाहिले, कोणाचे पाहिले, कधी पाहिले. पान उघडले की एक ओळ वाढते. चूक इथूनच सुरू होते. मोबाईल अॅप वेगवान वाटावे म्हणून पुढची दोन-तीन स्थळे आधीच मागवून ठेवते. सभासदाने ती पाहिलेलीच नसतात, तरी नोंद पडते. शोधाच्या निकालात दिसणारे छोटे छायाचित्र म्हणजे भेट नव्हे, पण काही ठिकाणी तेही मोजतात. मंडळाचा कार्यकर्ता माहिती तपासायला रोज पन्नास पाने उघडतो, त्याचे नावही यादीत येते. उपाय सोपे आहेत. पान सर्व्हरवरून निघाले म्हणून नोंद करू नये. ते पडद्यावर आले आणि निदान पाच सेकंद उघडे राहिले, तरच करावी. कार्यकर्त्यांची खाती आणि सभासदाने स्वतःचेच पान उघडणे यातून वगळावे. त्याच दोघांची भेट २४ तासांत पुन्हा झाली, तर नवी ओळ घालू नये, जुन्या ओळीतली वेळ बदलावी.

हे शेवटचे जागेसाठीही गरजेचे आहे. २,००० सभासद रोज २० पाने पाहतात असे धरले, तर दिवसाला ४०,००० ओळी आणि महिन्याला १२ लाख ओळी होतात. स्वस्त सर्व्हरवर पान उघडताना प्रत्येक वेळी लगेच लिहायला लावले की सायंकाळी, सगळे एकदम येतात तेव्हा, संकेतस्थळ अडखळते. नोंदी रांगेत ठेवून मिनिटाला एकदा एकत्र लिहाव्यात. तीस दिवसांपेक्षा जुन्या ओळी रोज रात्री आपोआप पुसल्या जाव्यात. राखीव प्रतींतूनही त्या कालांतराने जातील अशी व्यवस्था हवी, नाहीतर पुसले म्हणायचे आणि प्रत तशीच ठेवायची असे होते. चोरी ओळखण्यासाठी ठेवायच्या सुरक्षा-नोंदी वेगळ्या असतात. त्या सभासदांना दाखवण्यासाठी वापरता कामा नयेत.

वेळ दाखवायचीच असा आग्रह असेल, तर आणखी एक घोळ होतो. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. रूपांतर राहून गेले की रात्री ८.१० ची भेट दुपारी २.४० ची दिसते, आणि ‘मी त्या वेळी कामावर होतो, माझ्या नावाने दुसऱ्यानेच पाहिले’ अशी तक्रार येते. अमेरिकेतल्या सभासदांच्या बाबतीत तर तारीखच बदलते.

आकडा आणि यादी जुळत नाही, ही नेहमीची तक्रार. वर ‘२७ जणांनी पाहिले’ आणि खाली नावे १९, कारण बाकीच्या आठांत कोणी खाते बंद केलेले, कोणी अडवलेले (ब्लॉक केलेले), कोणी भेट झाकलेली असते. सभासदाला वाटते, मंडळ आठ नावे लपवते आहे. आकडा काढताना यादीचीच गाळणी लावली की हा प्रश्न उरत नाही.

नुसता आकडाही निरुपद्रवी नसतो. तो क्षणाक्षणाला बदलत असेल, तर ‘मी आत्ताच पान उघडले’ म्हणणाऱ्या नातेवाइकामुळे १४ चे १५ होताना दिसतात आणि पंधरावा कोण ते कळते. तो दिवसातून एकदाच बदलावा, आणि पाचपेक्षा कमी असेल तर ‘पाचपेक्षा कमी’ एवढेच लिहावे. नाव झाकून ‘कोल्हापूरच्या दंतवैद्य, वय २९’ असे अर्धवट वर्णन देणे हा तर लहान मंडळात गुप्ततेचा आभासच आहे. तीनशे सभासदांच्या ज्ञातीत कोल्हापूरची त्या वयाची दंतवैद्य एकच असणार. मोठ्या व्यावसायिक संकेतस्थळाकडे पाहून हा पर्याय उचलू नये.

पैशांसाठी ही यादी विकण्याची पद्धत मला सगळ्यात आक्षेपार्ह वाटते. ‘अमुक इतक्या मुलींनी तुम्हाला पाहिले, नावांसाठी शुल्क भरा’ असे सांगून पुसट छायाचित्रे दाखवतात. त्या मुलींनी आपले नाव विक्रीला काढायची परवानगी कधी दिली? त्यात पुष्कळदा छायाचित्र मुळात स्पष्टच पाठवलेले असते. फक्त ब्राउजरला ते धूसर दाखवायला सांगितलेले असते. थोडी माहिती असलेला कोणीही ती सूचना काढून चेहरा पाहू शकतो. नावेही तशीच पाठवून पडद्यावर झाकलेली असतात. जे दाखवायचे नाही, ते सर्व्हरवरून निघताच कामा नये. ठेकेदाराला हे करारात लिहून द्यायला लावावे.

स्त्री सभासदांच्या बाबतीत गोष्ट आणखी गंभीर आहे. तिने एखादे पान एकदा उघडले, एवढ्यावरून अनोळखी माणसाला तिचे नाव आणि बोलण्याचे निमित्त दोन्ही मिळते : ‘तुम्ही माझे पान पाहिलेत ना?’ भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही वारंवार संपर्क साधणे, तसेच तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे, हा पाठलागाचा गुन्हा आहे. मंडळाने अशा वागण्याला आयते साधन पुरवू नये. कोणी कोणाला अडवले, तर दोघांच्याही यादीतून एकमेकांच्या जुन्या नोंदी त्याच क्षणी जायला हव्यात. पुढच्या भेटी बंद करून भागत नाही. ‘आत्ताच अमुक यांनी तुमचे पान पाहिले’ असा तत्काळ संदेश मोबाईलवर पाठवणे तर पूर्ण टाळावे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. मंडळ लहान आहे, नफा कमावत नाही, म्हणून ते आपोआप सुटत नाही. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीच टिचकी मारलेला चौकोन चालणार नाही. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणेही सोपे हवे. आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही.

सूचना अशी लिहिता येईल : ‘तुम्ही दुसऱ्या सभासदाचे पान उघडले, तर तुमचे नाव त्यांना ३० दिवस दिसेल. वेळ व संख्या दिसणार नाही. त्याचप्रमाणे तुमचे पान पाहणाऱ्या, संमती दिलेल्या सभासदांची नावे तुम्हाला दिसतील. हे नको असेल तर काहीही करू नका. सोय बंदच राहील.’ खाली एकच बटण : ‘सुरू करा’. बंद करण्याचे बटणही त्याच पानावर, त्याच आकाराचे.

या बटणाची एक पळवाट आधीच बुजवावी लागते. काही जण सोय बंद करून पाने पाहतात, मग चालू करून आपल्याकडे कोण आले ते वाचतात. म्हणून ज्या काळात सोय बंद, त्या काळात त्या सभासदाने केलेल्या भेटी नोंदवू नयेत आणि त्याच्याकडे आलेल्याही नाहीत. चालू केल्यावर यादी शून्यापासून सुरू व्हावी. बंद केल्यावर त्याचे नाव इतरांच्या यादीतूनही लगेच निघावे. आणि सोय पहिल्यांदा सुरू करताना मागच्या वर्षभराच्या सर्व्हर-नोंदी उकरून यादी भरण्याचा मोह टाळावा. ज्या दिवशी लोकांनी ती पाने पाहिली, त्या दिवशी कोणाला कळेल असे त्यांना कोणीच सांगितले नव्हते.

खरे तर वधू-वर संकेतस्थळाला या यादीची गरज नाही असेच माझे मत आहे. तिथे ‘पसंती कळवा’ हे बटण पुरते. ते दाबणारा जाणूनबुजून दाबतो, दाबण्याआधी घरात बोलणे झालेले असते. माजी विद्यार्थी संघात ओळख ताजी व्हावी म्हणून संमतीची यादी ठेवायला हरकत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांच्या पानाला नुसता आकडा बास आहे.

ज्या मंडळांनी ही सोय आधीच सुरू केली आहे, त्यांच्या चिटणीसांनी एक चाचणी करून पाहावी. दोन तात्पुरती खाती काढावीत. पहिल्यावर सोय बंद ठेवून दुसऱ्याचे पान दहा सेकंद उघडावे, मग दुसऱ्यातून यादी आणि आकडा दोन्ही पाहावेत. नंतर दोन्ही खात्यांवर सोय चालू करून भेट द्यावी, पहिले खाते अडवावे आणि त्याचे नाव गेले का ते तपासावे. अर्धा तास लागेल. पहिल्या चाचणीत नाव दिसले किंवा अडवल्यावरही टिकून राहिले, तर दुरुस्ती होईपर्यंत यादी बंद ठेवावी आणि ठेकेदाराचे बिल तोवर देऊ नये.

कळावे,
आपला,
सामुदायिक संकेतस्थळांच्या बांधणीचे काम करणारा एक वाचक, ठाणे