तिथं आपण एकमेकांना ओळखू का?

प्रिय आई-बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर ते नुसतेच हसून हात हलवतात, म्हणून हे पत्र. आई, रात्रीची प्रार्थना झाली की सावकाश वाचून दाखव. मध्येच त्यांनी "हं, पुढं?" म्हणून घाई केली तर लक्ष देऊ नकोस.

इकडं परभणीत रोहिण्या सरत आल्या तरी ऊन काही उतरत नाही. प्रयोगशाळेत सोयाबीनच्या नमुन्यांची रास लागली आहे. मृगाच्या तोंडावर दरवर्षी हेच, जेवायलाही उठू देत नाहीत. तरी आज हे लिहायचंच ठरवलं होतं.

ईस्टरला घरी आले होते तेव्हा तुम्ही दोघांनी मला एकेक प्रश्न विचारलात, तोही एकटीला गाठून. दफनभूमीतली पहाटेची उपासना आटोपून परत येताना बाबा म्हणाले, "जन्मभर वचन ऐकलं, आता वेळ जवळ आली तर भ्याव वाटतं. म्हणजे विश्वास कच्चाच राहिला का माझा?" आणि आई, तू भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता विचारलंस, "ताई तिथं अजून सहा वर्षांचीच असंल का गं? मला वळखंल का?" हे तुम्ही एकमेकांना सांगितलेलं नसणार. आता मी दोघांचंही एकाच कागदावर लिहितेय, तेव्हा रागावू नका. पंचेचाळीस वर्षं एका घरात काढल्यावर एवढं कळायला हरकत नसावी.

मी काही पाळक नाही. बिया मोजून पोट भरणारी बाई. त्यामुळे माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते करिंथकरांस पहिल्या पत्राचं पंधरावं प्रकरण. आपल्याकडं कुणाच्याही मातीला ते वाचतात. त्यात ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला लोक विचारतात, मेलेले उठतात कसे, आणि कोणतं शरीर घेऊन येतात? म्हणजे आई, तुझा प्रश्न नवा नाही, करिंथच्या मंडळीनं तो केव्हाच विचारून ठेवलाय. पौल उत्तर देतो ते बियांचं. तू पेरतोस ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही, असं म्हणतो.

खरं सांगू? नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं मला हे वाक्य खटकायचं. आमच्याकडं ओल्या कागदावर १०० बिया मांडतात, असे चार संच, म्हणजे एका नमुन्याच्या ४०० बिया. कागदाची गुंडाळी करून २५ अंशांच्या पेटीत ठेवायची. सोयाबीन असेल तर पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. मेलेलं बी त्यात लगेच कळतं. मऊ पडतं, बुरशी धरतं, बोटानं दाबलं की पाणी सुटतं. त्यातून कोंब येत नाही, कधीच नाही. उगवतं ते जिवंत असलेलंच बी. मग पौल असं कसं म्हणतो?

आता वाटतं, तो प्रयोगशाळेत बसून लिहीत नव्हता. शेतकऱ्याला दिसतं ते लिहीत होता: हातातला दाणा मातीआड गेला, आपल्यापुरता तो संपला, आणि वर आलं ते दाण्यासारखं मुळीच दिसत नाही. पण खरी गोष्ट त्याच्या पुढच्याच ओळींत आहे आणि तिथंच माझ्या धंद्याशी त्याचं जमत नाही. देव त्याला अंग देतो, असं तो लिहितो. आमच्याकडं आम्ही बघतो बियाची स्वतःची ताकद. सोयाबीनला ७० टक्के उगवण हवी. त्याच्या खाली गेलं की तो लॉट बियाणं म्हणून विकता येत नाही. पुनरुत्थानात मात्र आपल्या अंगच्या ताकदीचा प्रश्नच नाही. प्रभूचा मित्र लाजर कबरेत चार दिवस होता. त्याच्या बहिणीनं, मार्थेनं तर स्वच्छ सांगितलं, प्रभू, आता त्याला दुर्गंधी येत असेल. आमच्या भाषेत उगवण शून्य टक्के! प्रभूनं हाक मारली आणि तो बाहेर आला, तेव्हा लाजराचा विश्वास किती टक्के होता हे कुणी तपासलं नाही.

म्हणून बाबा, तुम्ही स्वतःचा विश्वास मोजत बसू नका. कच्चा की पक्का हे ठरवणारी पेटी देवाकडं नाही. मार्कच्या नवव्या प्रकरणातला तो झटके येणाऱ्या मुलाचा बाप आठवा. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं एका दमात दोन्ही बोलला, आणि तेवढ्यावर त्याचं लेकरू बरं झालं. आणि भीतीचं म्हणाल तर धरून नेण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. हा प्याला टळला तर बरं, असं त्यानंही मागितलं. इब्रीकरांच्या पत्रात लिहिलंय की त्यानं मोठ्यानं आक्रोश करून, आसवं गाळून प्रार्थना केल्या. मरणाला हसत सामोरं जाणारे लोक असतील. आपला प्रभू तसा गेला नाही, आणि मला तरी तो त्यामुळंच जवळचा वाटतो. हसत गेला असता तर आपल्यासारख्यांनी कुणाकडं बघायचं?

आपल्यात एक वाईट सवय आहे. कुणी गेलं की जमलेली मंडळी लगेच म्हणायला लागतात, रडू नका, तो प्रभूजवळ गेला. बोलणाऱ्यांचं मन चांगलं असतं, पण शास्त्रात असं कुठं आहे? लाजराला आपण आत्ता उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. पौलही थेस्सलनीकाकरांना एवढंच लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका असं तो म्हणत नाही. ताई गेली तेव्हा तुला कुणी धड रडू दिलं नाही, हे मोठ्या मावशीनं मला सांगितलंय, आई.

आता शरीराचं. बाबा, तुम्ही परवा म्हणालात, "हे गुडघे इथंच टाकून सुटायचं, आत्मा वर गेला की झालं." मला ते पटत नाही. आत्मा सुटून जातो आणि देह म्हणजे नुसतं फाटकं धडुतं, हे आपल्या आजूबाजूला इतकं ऐकू येतं की आपणही तेच बोलायला लागतो. पण दर रविवारी आपण विश्वासांगीकारात, आपण काय मानतो ते मोठ्यानं कबूल करताना, उभं राहून म्हणतो ते शरीराच्या पुनरुत्थानाबद्दल. नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, पुढं जालन्यात आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. ही गोष्ट तुम्हीच मला लहानपणी किती वेळा सांगितलीत. आपले खापरपणजोबा मांगवाड्यातून तिथं गेले. ज्यांच्या सावलीचा विटाळ धरत होते, पाणी वरून ओतत होते, त्या माणसांना एका ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला माणूस सांगत होता की तुमचा देह देवाचं मंदिर आहे, आणि हाच देह एक दिवस उठणार आहे. अपमानात पेरलं जातं, गौरवात उठवलं जातं. ही ओळ खापरपणजोबांनी पहिल्यांदा ऐकली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? त्यांना आत्म्याचं कुणी काही सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी मान हलवली असती आणि उठून गेले असते. विटाळ देहाचा होता. म्हणून आशाही देहाची लागली.

त्या गुडघ्यांनी बहात्तरच्या दुष्काळात कामावर बसून खडी फोडली आहे. सुकडी खाऊन, परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाऊन तुम्ही दिवस काढलेत, आणि रात्री आजोबा हबक्कूकाचं शेवटचं प्रकरण वाचायचे. अंजीर फुलला नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ते गुडघे टाकून द्यायचे नाहीत, बाबा. ते दुरुस्त व्हायचे आहेत.

आई, आता तुझं.

कबरेतून उठलेल्या प्रभूबद्दल शुभवर्तमानात जे लिहिलंय ते एका बैठकीत वाचून काढ, लूकचं चोविसावं आणि योहानाचं विसावं-एकविसावं. एक गोष्ट सारखी समोर येते: लोक त्याला आधी ओळखत नाहीत आणि मग ओळखतात. मरीयेला तो बागेचा माळी वाटला. "मरीये" म्हणून हाक ऐकली आणि ओळखलं. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं त्याच्यासोबत इतकं चालले, पण ओळखलं ते भाकर मोडताना. थोमाला त्यानं खिळ्यांच्या खुणा दाखवल्या. म्हणजे बदललेला होता, पण परका झालेला नव्हता. नाव तेच, हातावरचे घाव तेच, भाकर मोडायची रीत तीच. आणि भाजलेला मासा मागून खाल्ला, भूत नाही हे पटावं म्हणून! शिष्यांसाठी पहाटे निखाऱ्यावर मासे भाजून ठेवणारा देव मला फार आवडतो. तुझ्यासारखा, आधी खाऊन घ्या, मग बोलू.

ताई सहाच वर्षांची असेल का, हे मी सांगू शकत नाही, पवित्र शास्त्रही सांगत नाही. आपण काय होऊ हे अजून प्रगट झालेलं नाही, असं योहान सरळ लिहितो. जे लोक स्वर्गाचा नकाशा काढून दाखवतात त्यांच्यावर माझा भरवसा नाही. पण ज्वारीतून ज्वारीच येते, हे पौलानंही धरलंय. ज्याच्या त्याच्या बियाला आपापलं अंग. ताईतून ताईच उठेल. तू तिला ओळखशील. ओळख करून घ्यायची ती मला, कारण मी तिला पाहिलेलीच नाही.

याईराची मुलगी आठवते ना? शब्बाथ शाळेत तूच आम्हाला ती गोष्ट शिकवायचीस. बारा वर्षांची पोर, बाहेर रडणाऱ्यांचा गलका, आणि येशू आत जाऊन तिचा हात धरतो, मुली, ऊठ म्हणतो. ती उठून चालायला लागल्यावर सगळे थक्क होऊन बघत राहतात, आणि तो म्हणतो हिला काहीतरी खायला द्या. त्या खोलीत पोरीला भूक लागली असेल हे एकट्या त्यालाच सुचलं. आमच्या वर्गात तू हे सांगताना थांबायचीस. का थांबायचीस ते मला बरंच उशिरा कळलं.

आणखी एक. पंडिता रमाबाईंची मनोरमा १९२१ साली गेली, आईच्या आधी. रमाबाई मराठी शास्त्राच्या भाषांतराचं काम पुरं करण्यात गुंतल्या होत्या. मूळ इब्री आणि ग्रीक शिकून, केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातून छापून घेत होत्या. लेक गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि छापलेलं शास्त्र १९२४ मध्ये लोकांच्या हाती आलं. त्यांच्या मनात त्या महिन्यांत काय चाललं होतं ते कोण सांगणार! पण लेकीला पुरून आलेल्या बाईसमोर हीच वचनं रोज कागदावर होती, एवढं खरं. तुला कधी एकटं वाटलं तर त्यांची आठवण कर.

बरं, आता कामाचं. बाबांनी बेथेलला आजोबांशेजारी जागा हवी म्हटलंय, तर पुढच्या वेळी आले की पाळकसाहेबांशी आणि मंडळीच्या पंचांशी मी बोलते. आत्तापासून त्याचा घोर नको. मोतीबिंदूचं मात्र पावसाळ्याआधी उरकून घ्या. उठवल्यावर डोळे चांगले मिळणारच आहेत म्हणून तोवर आंधळं राहायचं, असं कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही. घरच्या सोयाबीनची गोणपाटावर १०० पैकी ६२ उगवण आली म्हणालात, तर एकरी ३० किलोपेक्षा जास्त धरावं लागेल. जमलं तर अर्ध्या रानाला दुसरं बियाणं घ्या. आणि शेजारचा पेरतो म्हणून पेरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, तुम्ही मला हळूच विचारलं होतंत, मत्तयाच्या बाविसाव्या प्रकरणात तिथं लग्न करत नाहीत असं लिहिलंय, मग तुझ्या आईचं काय? पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांनीही प्रभूला असंच अडवायचा प्रयत्न केला होता. मी याचं उत्तर देणार नाही. आई आत्ता हे मोठ्यानं वाचतेय, तिलाच विचारा.