मांडले की बाजूला सारले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आळस आणि दिरंगाई यांविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार बातम्यांतून मराठीत येताना त्यांचा अर्थ वाटेतच बदलतो, त्याबद्दल हे पत्र. अमेरिकी सिनेटमध्ये एखादे विधेयक 'टेबल' झाले की ते 'मांडले गेले' असे कधीकधी वाचायला मिळते. वस्तुतः तेथे ते बाजूला सारलेले असते. ब्रिटिश इंग्रजीत मात्र तोच शब्द चर्चेसाठी पुढे आणणे या अर्थी येतो, आणि आपल्या विधिमंडळाचे 'पटलावर ठेवणे' त्याच परंपरेतले आहे. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांत बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे हे नंतर उमगले, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक आठवणींत नोंदवले आहे.

इतरत्र घोटाळा इतका ढोबळ नसतो, म्हणूनच तो खपून जातो. मराठीत पाय ओढत चालतो तो थकलेला माणूस, त्याची कीव येते. इंग्रजीतल्या 'ड्रॅगिंग फीट'मध्ये मात्र जाणूनबुजून केलेली चालढकल असते. 'कूलिंग हील्स'मध्ये दोष असतो तो ताटकळत ठेवणाऱ्याचा, पण 'टाचा थंड करणे' असे लिहिले की गृहस्थ आरामात बसले आहेत असेच वाटते. 'बॅक बर्नर' म्हणजे शेगडीचा मागचा, मंद आचेचा बर्नर. त्यावरचे भांडे उतरवलेले नसते, त्यामुळे 'बासनात गुंडाळले' हे फार होते, आणि 'भिजत घोंगडे' जवळचे असले तरी त्यात हेळसांडीची छटा येते. 'तूर्त मागे ठेवले' एवढे पुरे. 'ट्विडलिंग थंब्ज'साठी तर 'माशा मारत बसणे' तयारच आहे, तिथे अंगठे फिरवण्याची गरज नाही.

शब्दशः भाषांतर नेहमीच फसते असेही नाही. इंग्लंडात सरकारी आणि न्यायालयीन कागद ज्या फितीने बांधत, ती इथल्या कचेऱ्यांतही आली, त्यामुळे 'लालफीत' समजावून सांगावी लागली नाही. मागचा बर्नरही उद्या असाच रुजेल कदाचित. 'टेबल'चे मात्र तसे होणार नाही. तेव्हा निदान त्या शब्दापुरते, बातमी लंडनची आहे की वॉशिंग्टनची हे पाहूनच क्रियापद निवडावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सातारा