भाऊकाकांबद्दल विचारायचं आहे

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या सोनूचा विषय निघाला की आई रडते आणि बाबा 'थांब, हिला देतो' म्हणून सुटतात. म्हणून लिहायला बसले. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

सोनूच्या सगळ्या तपासण्या झाल्या. ऑटिझम आहे, सौम्य गटातला.

सुरुवात कानांपासून केली. उशिरा बोलणं, ऐकू न येणं, बुद्धीची वाढ कमी असणं, ऑटिझम, ही सगळी लहान वयात वरवर सारखीच दिसतात, कधी दोन-दोन एकत्रही असतात. म्हणून आधी 'बेरा' तपासणी. आदल्या रात्री त्याला बारापर्यंत जागवलं, पहाटे उठवलं, म्हणजे तिथे गेल्यावर झोपेल. झोपेत डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. कान उत्तम निघाले. बाहेर बाकावर बसून मी रडले. कानाचंच काही निघेल, यंत्र लावलं की झालं, असं मी मनात धरून बसले होते.

मग मानसशास्त्रज्ञ बाईंकडे तीन वेळा जाणं झालं. त्या जमिनीवर बसून त्याच्याशी खेळतात आणि आपल्याला वाटतं, तपासणी कधी सुरू होणार? त्यांनी साबणाचे फुगे उडवले आणि बाटली बंद करून मांडीवर ठेवली. अशा वेळी मुलं तोंडाकडे बघतात, 'अजून' म्हणून. सोनूने त्यांचं मनगट धरलं आणि नेऊन बाटलीवर ठेवलं. तोंडाकडे बघितलंच नाही. आई, तो तुझा हात धरून फ्रिजपाशी न्यायचा तेव्हा 'किती माया आहे आजीवर' म्हणायचीस ना, ते हेच. माया आहेच, पण तेव्हा त्याला फ्रिज उघडायला हात हवा असायचा. बाबा अंगणात चांदोमामा दाखवायचे आणि तो बाबांच्या बोटाकडे बघत राहायचा. मलाही तेव्हा गंमतच वाटली होती.

आपल्याकडच्या मुलांसाठी 'आयएसएए' नावाची मोजपट्टी बनवलेली आहे. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली असले तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सोनूचे ९४ आले. बाबा, या परीक्षेत कमी गुण चांगले.

दोन वर्षांचा झाला तेव्हाच बालरोगतज्ज्ञांनी २० प्रश्नांचा कागद भरून घेतला होता, पुढे दाखवून घ्या म्हणाले होते. मग 'मुलगे उशिराच बोलतात', 'मामा नाही का तीन वर्षांनी बोलला' असं म्हणत आपण सगळ्यांनी मिळून वर्ष घालवलं. तुम्हाला दोष देत नाही. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून तर मी तुम्हालाच विचारत होते.

इकडे एकजण म्हणाल्या, आई नोकरीला गेली की असंच व्हायचं. बाईंना सांगितलं तर हसल्या. १९४३ मध्ये लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने ११ मुलांवर पहिल्यांदा लिहिलं, आणि पुढे कित्येक वर्षं मोठमोठे डॉक्टरही आईच्या कोरडेपणालाच दोष देत होते. ते केव्हाच खोटं ठरलंय. आणि आई, लसीमुळे ऑटिझम होतो हेही तू डोक्यातून काढ. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १२ मुलांवरून तसं छापलं होतं, २०१० मध्ये त्या नियतकालिकानेच तो लेख मागे घेतला आणि मुख्य डॉक्टरचा परवानाही गेला. धाकटीच्या सगळ्या लसी मी वेळेवर देणार आहे. तू कौल लावलास, उजवा मिळाला, बरं वाटलं ऐकून. पण मंगळवार-शुक्रवारची थेरपी चुकवायची नाही.

आता मुख्य गोष्ट. बाईंनी विचारलं, 'घराण्यात असं कुणी?' मी पटकन 'नाही' म्हणाले. लोकलमध्ये सोनू नेहमीसारखा 'पुढील स्टेशन ठाणे' अगदी त्याच बाईच्या आवाजात म्हणत होता, आणि मला भाऊकाका आठवले. ओटीवर बसून संगमेश्वरची गाडी, रत्नागिरीची गाडी, साखरप्याची गाडी, सगळ्या एसट्यांच्या वेळा ओळीने म्हणणारे. मधेच कुणी थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून. ताटात आमटी भाताला लागली तर उठून जाणारे. पाहुणे आले की तुम्ही त्यांना मागच्या पडवीत बसवायचात आणि आम्हाला सांगायचात, काकांचं बोलायचं नाही. पुढच्या वेळी मी बाईंना खरं सांगितलं. ऑटिझममध्ये घराण्याचा, जनुकांचा वाटा मोठा असतो. काकांना तेच होतं का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण ते 'वेडसर' नव्हते, बाबा.

सोनूसाठी दिव्यांगत्वाचा दाखला काढायचं ऐकून तुम्ही गप्प झालात. चाळीस वर्षं तहसील कचेरीत तुमच्या हाताखालून दाखले गेले, एका दाखल्यावाचून माणसाचं किती अडतं ते तुम्हाला मी काय सांगू? २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे. दाखला मिळाला की 'निरामय' नावाचा सरकारी आरोग्य विमा काढता येतो, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. सरकारी रुग्णालयात अर्ज मी करतेय. तुम्ही एकदा कागद नजरेखालून घालाल का?

गणपतीत येतोय. झांजा सुरू झाल्या की तो कान दाबून ओरडतो, तेव्हा आरतीला मी त्याला बाहेर घेऊन बसेन. कुणी 'देवासमोर आणा' म्हणालं तर तुम्ही बघून घ्या. भात आणि आमटी वेगवेगळ्या वाट्यांत.

बाबा, आरतीच्या वेळी भाऊकाका कुठे असायचे? मला विहिरीपाशी दिसतात. तसंच होतं का, आणि लहानपणी ते किती वर्षांचे असताना बोलायला लागले, ते आठवून लिहा.

तुमची,
ताई