अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष खापर्डे नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२७ ऑगस्टला अमरावतीचे वकील आणि टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांची जयंती. आमच्या भागातल्या शाळांत भाषणाचा एकच कागद वर्षानुवर्षे फिरतो, चुकांसकट. त्यात खापर्ड्यांना अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष म्हटले आहे.

१८९७च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे तेरावे अधिवेशन भरले. खापर्डे स्वागताध्यक्ष होते. अध्यक्ष होते मद्रासचे वकील सी. शंकरन नायर. वऱ्हाडातून काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते रंगनाथ नरसिंह मुधोळकर, १९१२ साली, बांकीपूरला (पाटणा). खापर्डे आणि मुधोळकर दोघेही अमरावतीचे वकील, म्हणून ही गल्लत. टिळकांचे भाषण झाल्याचेही त्या कागदात असते. त्यांना सप्टेंबरातच दीड वर्षाची शिक्षा झाली होती. अधिवेशनाच्या वेळी ते तुरुंगात होते.

ज्या जमिनीवर अधिवेशनाचा मांडव पडला ती कागदोपत्री निजामाची, हे मात्र कोणीच मुलांना सांगत नाही. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, मालकी निजामाकडे राहिली. १९०३ साली मध्य प्रांताला जोडेपर्यंत इथला कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या (निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या) हाताखाली चाले.

खापर्डे १८८४ साली एलएल.बी. झाले, पण आधी सरकारी नोकरीत गेले: मुन्सफ (कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश), मग असिस्टंट कमिशनर. १८९०मध्ये नोकरी सोडून अमरावतीत वकिली सुरू केली. सरकारी खुर्चीत बसून राजकारण करता येत नव्हते. वकिलीत पोटही भरे आणि तोंडही मोकळे राही.

१९०८ साली टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यावर खापर्डे त्यांच्या अपिलासाठी लंडनला गेले. ‘खापर्ड्यांनी टिळकांचा खटला लढवला’ हे वाक्य तेवढे खोडावे. फौजदारी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलकडे (लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाकडे) सरळ अपील जात नसे. आधी खास परवानगीचा अर्ज, आणि घोर अन्याय दिसला तरच परवानगी. ती नाकारली गेली, त्यामुळे अपिलाची सुनावणी झालीच नाही. तरी दोन वर्षे त्यांनी तिथे टिळकांच्या सुटकेसाठी खटपट केली आणि १९१०मध्ये परतताना मंडालेच्या तुरुंगात त्यांची भेट घेतली. त्याच डिसेंबरात ते शिर्डीला गेले. त्यांची शिर्डीची रोजनिशी घरोघरी माहीत आहे, वकिली कोणाला आठवत नाही.

मुख्याध्यापकांनी यंदा तो कागद वाटण्याआधी निदान अध्यक्षांचे नाव आणि टिळकांचे भाषण, या दोन ओळी दुरुस्त कराव्यात.

आपले,
काही वाचक, दर्यापूर तालुका (जि. अमरावती)