पट्ट्या चिकटवणाऱ्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

पुस्तकं परत करताना दारातच ‘थँक्यू’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही नेहमीसारखे हात झटकून ‘अगं, त्यात काय!’ म्हणाला असतात आणि विषय तिथेच मिटला असता. मला तो इतक्यात मिटवायचा नाही, म्हणून हे लिहितेय, आणि चार लोकांच्या देखत लिहितेय.

सर्दीला कुणी आजार मानत नाही. ताप आला तर लोक कपाळाला हात लावून बघतात, सर्दी झाली तर लांबून हसतात. शुक्रवारी ऑफिसात सांगितलं तर उत्तर काय, ‘नुसती सर्दीच ना?’ नुसती! नाक गळतंय, डोकं दगडासारखं जड, वास नाही, चव नाही, आणि म्हणे नुसती. शनिवार-रविवार घरात पडून काढायचे ठरल्यावर फोन सुरू झाले. प्रत्येकाकडे एक रामबाण उपाय. सर्दी दोनशेहून जास्त विषाणूंपैकी कुठल्याही एकाने होऊ शकते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, हे शिकलेसवरलेले लोकही विसरतात आणि आपल्या कपाटातल्या उरलेल्या गोळ्यांची नावं सांगतात. दिवसभर तू एकटी करतेस काय, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

तुम्ही तेवढंच विचारलंत. ‘वाचायला आहे का काही?’

मग रहस्यकथांची पिशवी कडीला अडकवलीत, बेल वाजवलीत आणि मी दार उघडेपर्यंत जिना चढून वर गेलात. लाल नाकाने आणि सुजक्या डोळ्यांनी कुणाशी हसून बोलावं लागलं नाही, याबद्दल वेगळे आभार.

सर्दीत रहस्यकथेसारखं वाचन नाही. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद होते, मग कूस बदलायची, पुस्तक या हातातून त्या हातात घ्यायचं, आणि तेवढ्यात मघाचा जबाब माळ्याचा होता की भाच्याचा हेच विसरायला होतं. तरी पुढे वाचावंसं वाटतं. रात्री नाक चोंदून झोप लागेना, तेव्हा वारसापत्र कुणी बदललं ही काळजी माझ्या काळजीपेक्षा मोठी होती. बरं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. त्या जाड पुस्तकात सुरुवातीच्या पानांपासूनच समासात पांढऱ्या कागदाच्या अरुंद पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. पहिलीवर तुमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पुस्तक संपेपर्यंत एकही उचलू नये.’ मी उचलली नाही. शेवट वाचला आणि मग एकेक पट्टी सोडवत गेले. खाली काहीच नाही. दुसरीखाली नाही, तिसरीखालीही नाही. एकीखाली मात्र पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं, ‘हाच खुनी’, आणि शेजारी बाण. तुम्ही ते आधी खोडून पाहिलं होतंत, पण त्या महाभागाने इतकं दाबून लिहिलं होतं की कागदावर वळ राहिले होते.

तेवढी एक पट्टी लावून भागलं असतं असं कुणालाही वाटेल. पण मग पट्टीनेच चुगली केली असती! म्हणून जिथे जिथे नवं पात्र येतं, तिथे तिथे तुम्ही तशीच पट्टी लावलीत. म्हणजे वाचून झालेलं पुस्तक पुन्हा चाळलंत, प्रत्येकाचा प्रवेश शोधलात, कात्री आणि डिंक घेऊन बसलात. शिंकणाऱ्या शेजारणीला शेवटी एकदा ‘अरेच्चा!’ म्हणता यावं म्हणून.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने 1929 मध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले. पहिलाच नियम असा, की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच कुठेतरी दिसलेला असला पाहिजे. लेखकांना दहा नियम आणि वाचून झालेल्यांना एकही नाही, हा कुठला न्याय? लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे नाटक 1952 मध्ये आलं. प्रयोग संपल्यावर नट प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. तिथे अनोळखी माणसं एकमेकांसाठी गुपित सांभाळतात. इकडे माझी एक जुनी मैत्रीण ‘मी वाचलंय ते, शेवटी डॉक्टरच निघतो’ असं फोनवर सहज बोलून जाते आणि वर ‘काळजी घे’ म्हणते.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना देणग्या आठवतात, भाषणं आठवतात. मला हल्ली तो अशा माणसांत दिसतो, ज्यांनी स्वतःची मजा आधीच घेतलेली असते आणि तरी मागून येणाऱ्याची मजा शाबूत राहावी म्हणून खटपट करतात. ही जमात फार मोठी नाही.

पट्ट्या मी पुन्हा जागच्या जागी चिकटवल्या आहेत, पुढच्या वाचकासाठी. पुस्तकं नाक थांबल्यावरच परत आणीन, नाहीतर तुम्हालाही प्रसाद मिळायचा.

आणि हो, पेन्सिल कुणी चालवली याचा तपास लागला आहे. ‘ख’ असा मधेच मोडून लिहिणारा माणूस आपल्या जिन्यात एकच आहे. नाव इथे फोडत नाही, सगळेच वाचतायत.

तुमची,
खालच्या मजल्यावरची